अनसूयेच्या पाळीचे पाणी

प्रिय मीना आणि शेखर,

तुम्ही दर रविवारी बाबांबरोबर कालव्याकाठी फिरायला जाता, तिथे लांबट होड्या बांधलेल्या असतात आणि एका होडीत पिवळे मांजर राहते, हे सारे मी पत्रात दोनदा वाचले. शेवटी शेखरने विचारले आहे, "आजी, तुमच्याकडे कालवा आहे का?" हाच प्रश्न दोन वर्षांपूर्वी आला असता तर मी "नाही" एवढेच लिहून पाकीट बंद केले असते. आता आहे. मी तो पाहून आले, त्याच्या काठाने चालून आले आणि ठरवले नसताना त्यात गुडघाभर उतरूनही आले. तुमच्या कालव्यातून माल जातो. आमच्या कालव्यात होडी सोडाच, ताटसुद्धा नीट तरंगणार नाही. इथे पाणी हाच माल. इकडचे लोक त्याला नहर म्हणतात, म्हणून मीही पुढे नहरच लिहिते.

पहिला दिवस : फाटा ते गव्हाणखेडी

वर्ध्याहून निघालेल्या मोटारीत सांगण्यासारखे काही घडले नाही. तिने मला फाट्यावर सोडले. तिथून गव्हाणखेडी अडीच मैल. माझी जुनी विद्यार्थिनी अनसूया तिथे राहते. मी तिच्याकडेच चालले होते. तिने मला न्यायला दमनी पाठवली होती. दमनी म्हणजे दोन माणसांपुरती हलकी बैलगाडी. हाकायला तिचे थोरले दीर शामरावजी स्वतः आले होते. साठीच्या घरातले, उंच, वाळके गृहस्थ. मी पिशवी गाडीत ठेवली आणि पुढे चालू लागले. बैलांना हे मुळीच आवडले नाही. ते माझ्या खांद्यापाशी येऊन फुसकारत राहिले.

"बाई, बसा न गाडीत," शामरावजी म्हणाले. "लोक म्हणतीन, शामरावनं पाहुणीले पायी आणलं."

"लोकांना सांगा, पाहुणीचाच हट्ट होता."

"लोक कोणाचं आयकते?" म्हणून त्यांनी बैलांना आवरले. थोड्या वेळाने तेच खाली उतरून माझ्याबरोबर चालू लागले. मग गाडी रिकामी आणि आम्ही दोघे पायी, अशी आमची वरात निघाली.

इथली जमीन पोळपाटासारखी सपाट. तुमच्याकडे शेताभोवती झुडपांची कुंपणे असतात असे मीनाने लिहिले होते. इथे दोन शेतांच्या मध्ये नुसता गवताचा उंचवटा, त्याला धुरा म्हणतात, आणि त्यावर एखादी बोर किंवा पळस. बाकी नजर जाईल तिथपर्यंत काळी माती आणि तिच्यावर पांढरा कापूस. बाया पोटाशी ओटी बांधून कापूस वेचत होत्या. आमची वरात दिसताच त्यांचे हात थांबले.

"काय गा शामराव, बैल थकले का काय?" एकीने विचारले.

"बैल नाई थकले. पाहुणीच बैलापेक्षा जोरात हाय," शामरावजींनी उत्तर दिले. साऱ्या ओळीत हसू पसरत गेले. मलाही ही आपली स्तुतीच वाटली.

वाटेत मी कासऱ्याकडे पाहिले. दोर इतका सारखा वळलेला होता की मी तो हातात घेऊन बघितला. शामरावजी खुलले. अंबाडीचा होता, त्यांनी स्वतः पेरलेल्या, भिजवलेल्या आणि वळलेल्या. अंबाडीच्या काड्या कापून पेंढ्या बांधायच्या, त्या पाण्यात दगडाखाली दहा-बारा दिवस कुजू द्यायच्या, म्हणजे साल सुटते आणि तिचा वाख निघतो. या वाखाचा दोर. "बजाराचा दोर साल नाई टिकत," ते म्हणाले. "माह्या दोराले बैल मरते, दोर नाई मरत." यंदा नाला लवकर आटला होता, तरी अंबाडी भिजत घातली आहे, सहा दिवस झाले, असेही त्यांनी सांगितले. कुठे घातली ते मी विचारले नाही. विचारायला हवे होते.

अनसूया दारातच उभी होती. वर्ध्याच्या मुलींच्या शाळेत ती माझ्या वर्गात होती. उत्तर चुकले तरी मोठ्याने देणारी मुलगी. आता तिला दोन मुले आहेत. नवरा भंडाऱ्याकडे शाळामास्तर आहे आणि सुटीत घरी येतो. दोन दसऱ्यांपूर्वी हे सारे घर नागपूरला जाऊन बौद्ध झाले. ज्या कोनाड्यात देव होते तो तिने चुन्याने रंगवून त्यात मुलांच्या पाट्या आणि पुस्तके ठेवली आहेत. मी जाताच तिने मला त्या कोनाड्यासमोर बसवले आणि पुस्तकांमधून एक कागद काढून दिला. नहरीच्या पाण्याची चिठ्ठी होती ती. तिच्यावर अनसूयेचे नाव होते आणि खाली लिहिले होते, शनिवार, सकाळपासून सूर्यास्तापर्यंत.

"उद्या," ती म्हणाली. "पयली पाळी."

मग तिने मला काय आहे ते समजावून सांगितले, ते असे. इथले शेतकरी काळ्या जमिनीला पाणी देत नाहीत. पावसाची जी ओल मुरते, तिच्यावरच पिके येतात. पाणी पाजले तर जमीन बिघडते, असा पक्का समज. नहर झाली तरी तिच्या शेपटाकडच्या शेतकऱ्यांपैकी कोणी पाणी मागितले नाही. अनसूयेने मागितले. नवऱ्याच्या वाट्याच्या तीन एकरांपैकी एका एकरात कापूस न लावता तिने गहू पेरला. पण बैल आणि औत शामरावजींचे, आणि त्यांनी ते याच हंगामापुरते दिले होते. गहू उभा राहिला तर ठीक, नाहीतर पुढच्या वर्षी पुन्हा कापूस, आणि नहरीचे नाव घरात काढायचे नाही.

"विहिरीवर आमाले थांबा लागे बाई, कोणी पाणी टाकन तवा," ती म्हणाली. "इथं चिठ्ठी हाय. आता गहू तीन हप्त्याचा झाला, पाती वळून राह्यली. उद्या पाणी भेटलं पायजे."

रात्रीच्या जेवणाला तुरीच्या हिरव्या दाण्यांची भाजी होती. या दाण्यांना इकडे सोले म्हणतात. बरोबर ज्वारीची भाकर आणि जवसाची चटणी. मी तीन भाकरी खाल्ल्या, हे तुमच्या आईला सांगू नका. शामरावजी विधुर आहेत आणि अनसूयेकडेच जेवतात. ते ओसरीत बसले, अनसूया आत चुलीपाशी आणि मी दोघांच्या मधल्या उंबऱ्याजवळ. इथे एक चाल आहे. नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, म्हणजे भासऱ्याशी, बायका समोरासमोर बोलत नाहीत आणि भासराही त्यांच्याशी थेट बोलत नाही. तिसरे माणूस लागते. एरवी हे काम मुले करतात. मी आल्यामुळे मुले मोकळी झाली.

"मास्तरीणबाई, तिले विचारा," शामरावजी भाकर मोडत म्हणाले, "गहू पेरला का धान? पाण्यात बुडवाचं म्हणते म्हून पुसतो."

"बाई, त्यायले सांगा," आतून आवाज आला, "गहूच हाय. धान पेरलं असतं त त्यायनं ओळखलंही नसतं."

"तिले सांगा, काळी जमीन फुगते. मंग सडते."

"सांगा, नहरीच्या सायबानं सांगतलं, एक पाळी पाणी दिलं त सडत नाई."

"सायबानं कधी नांगर धरला का, विचारा."

दोघांनाही एकमेकांचे स्पष्ट ऐकू येत होते. मी घास हातात धरून एकदा इकडे, एकदा तिकडे मान वळवत होते. शेवटी मी कोणालाच काही न सांगता जेवू लागले. त्याने काही अडले नाही.

दुसरा दिवस : शेत ते मोरी आणि परत

सकाळी सात वाजता आम्ही शेतात होतो. अनसूयेने दहा वाफे आखून ठेवले होते, एकेकाचे बांध हाताने थापलेले. गव्हाची पाती सुईसारखी गुंडाळली गेली होती आणि मातीत माझे बोट जाईल एवढ्या भेगा. ती पदर खोचून, फावडे घेऊन नहरीच्या शेवटच्या टोकाशी उभी राहिली. तिथे नहर म्हणजे कमरेएवढी खोल चारीच. तिच्या तळाला ओल होती, पाणी नव्हते.

आठ वाजले, नऊ वाजले. मी चार वेळा घड्याळ पाहिले. अनसूया सूर्य पाहत होती. साडेनवाला मी म्हणाले, "चल, नहरीच्या काठाने वर जाऊन पाहू. मी नाहीतरी चालायलाच आले आहे."

असा माझा नहरीकाठचा फेरफटका सुरू झाला. तो खरोखर सुंदर होता, हे त्या गडबडीतही माझ्या लक्षात आले. काठावरची माती अजून नवी, वर नुकते गवत फुटलेले. एका बाजूला तुरीची पिवळी फुले, दुसऱ्या बाजूला हरभरा. अनसूयेने चालता चालता हरभऱ्याचे कोवळे शेंडे खुडून माझ्या हातावर ठेवले. ते आंबट-खारट लागतात आणि हाताला चिकटतात. थंडी होती, ऊन पाठीवर चांगले वाटत होते. एक पांढरा बगळा आमच्या पुढे पुढे जात होता. आम्ही जवळ गेलो की उडायचा आणि वीस पावलांवर पुन्हा बसायचा. पण नहर मात्र कोरडी ती कोरडीच.

मैलभरावर आडव्या पायवाटेने सायकल हातात धरून आलेले रहीमभाई भेटले. ते नहरीचे चौकीदार. त्यांचे बोलणे हिंदीकडे झुकलेले.

"पानी तो छे बजे छोडा, बाई," ते अनसूयेला म्हणाले. "मैंने खुद छोडा. इधर नहीं आया?"

"नाई आलं."

"फिर गया किधर?" असे विचारून त्यांनी कोरड्या नहरीत असे पाहिले, जणू पाणी तिथेच कुठे लपून बसले आहे. तेही सायकल ढकलत आमच्याबरोबर निघाले.

आणखी मैलभर गेलो आणि आधी वास आला. कुजक्या भाजीचा वास, पण त्याच्या दसपट. मी नाकाला पदर लावला. अनसूया थबकली आणि तिने तो वास अगदी लक्षपूर्वक घेतला.

"अंबाडी," ती म्हणाली.

गाडीवाट नहरीवरून जाते, तिथे वाटेखाली पाणी जायला मातीचा मोठा नळ घातला आहे. त्याला मोरी म्हणतात. त्या मोरीच्या तोंडात अंबाडीच्या पेंढ्या, पन्नाससाठ तरी, काठोकाठ ठासल्या होत्या. त्यांच्या मागे पाणी तुंबले होते, काठ ओलांडून पडीक जमिनीत पसरले होते आणि नहर खोदताना माती काढलेल्या मोठ्या खड्ड्यात उतरत होते. काय झाले ते उघड होते. कोणीतरी मोरीच्या वर, नहरीच्या खोलगट भागात साचलेल्या पाण्यात पेंढ्या दगडाखाली दाबल्या होत्या. निवांत, उभे पाणी, अगदी नाल्यातल्या डोहासारखे. पण नहरीचे पाणी पाळीच्या दिवशी चालू लागते हे त्या माणसाच्या ध्यानात आले नाही. सकाळी पाणी सुटले, दगड घसरले, पेंढ्या तरंगत येऊन मोरीत अडकल्या.

"किसका माल है?" रहीमभाईंनी विचारले.

अनसूयेने वाकून एका पेंढीची गाठ पाहिली. दुहेरी वेढा, टोक आत खोचलेले. तिने गाठ सोडली नाही. "आमच्याच घरचा," ती म्हणाली.

मला कासऱ्याची आठवण झाली. आता काय करायचे? पेंढ्या ओढून काठावर टाकल्या की पाणी मोकळे. पण अर्धी कुजलेली अंबाडी उन्हात सुकली तर साल काडीला चिकटून बसते आणि मग वाख निघत नाही. घरच्या बैलांचे वर्षाचे दोर त्यात होते. रहीमभाई म्हणाले, फेक दो. अनसूया खड्ड्याकडे पाहत होती. तो पाण्याने भरत आला होता.

"तिकडे नेऊन बुडवू," ती म्हणाली आणि साडी वर खोचून नहरीत उतरली.

मी काठावर एका जागी नीट उभी राहून ती काढून देईल त्या पेंढ्या घेत होते. चौथ्या पेंढीला काठच माझ्यासकट खाली आला. शेखर, तू पाठवलेल्या कॅनव्हासच्या बुटांपैकी डावा बूट त्या काळ्या चिखलात राहिला आणि तो शोधायला वेळ नव्हता. उतरलेच होते म्हणून मी खालूनच पेंढ्या देऊ लागले. रहीमभाईंनी सायकल आडवी टाकली आणि ते पेंढ्या खड्ड्याकडे वाहू लागले.

असे दहा-बारा पेंढ्यांचे काम झाले असेल, तोच गाडीवाटेवर शामरावजी दिसले. ते रोजच्यासारखे आपली अंबाडी पाहायला आले होते. मोरीवर येऊन उभे राहिले. चिखलात मी, चिखलात अनसूया. तिने ताबडतोब ओल्या हाताने डोक्यावर पदर घेतला. तिचा चेहरा सगळा चिखलाने भरला.

"मास्तरीणबाई," ते अगदी शांतपणे म्हणाले, "तिले विचारा, कोणाले पुसून हात लावला?"

"बाई, सांगा त्यायले," अनसूया माझ्याकडे तोंड करून म्हणाली, "नहरीत घालताना त्यायनं कोणाले पुसलं?"

"विचारा, सात दिवसाची अंबाडी काऊन काढून राह्यली? तिच्या गव्हाले पाणी मी मागतलं होतं का?"

"सांगा, फेकून नाई राह्यली. खड्ड्यात बुडवून राह्यली. डोये उघडून पाहा म्हणा."

मी मध्ये उभी, पाणी पोटऱ्यांपर्यंत, हातात एक पेंढी. रहीमभाई म्हणाले, "झगडा बाद में करो, सूरज खडा नहीं रहेगा."

शामरावजी खड्ड्यापाशी गेले. पाण्यात हात घालून त्यांनी एक काडी उपसली, मोडली आणि साल ओढून पाहिली. साल अजून ओली होती. मग बंडी काढून वाटेवर ठेवली आणि नहरीत उतरले. मोरीच्या तोंडातल्या पेंढ्या पाण्याच्या जोराने इतक्या आवळल्या होत्या की एकट्याने निघेनात. त्यांनी खांदा लावला, पेंढी हलली, पण पुन्हा आत गेली.

"त्या टोकाले धर," ते म्हणाले. "हा. आता ओढ. एकदम."

अनसूयेने धरले आणि ओढले. ते थेट तिच्याशी बोलले हे त्यांच्या लक्षात आले नाही. तिच्या आले असावे, कारण एक क्षण ती हसली. नंतर दोघे तासभर "इकडून", "वरती", "सोडू नको" असे बोलत होते आणि माझ्यावाचून त्यांचे काही अडले नाही. शेवटची पेंढी निघाली तेव्हा मोरीतून पाणी असे धडपडत बाहेर पडले की तोल सावरायला मला काठावरच्या सायकलीचे चाक धरावे लागले. पेंढ्यांवर दगड ठेवून झाले तेव्हा माझ्या घड्याळात साडेबारा वाजले होते.

परतीची वाट मला आयुष्यभर आठवेल. पाणी कोरड्या नहरीतून पुढे जाताना त्याचे एक तोंड असते, मुलांनो. वाळकी पाने, कापसाचे बोंड आणि घाबरलेले मुंगळे घेऊन ते सरकत असते. खळगा आला की तो भरेपर्यंत थांबते, मग पुढे निघते. माणसाच्या चालीपेक्षा पुष्कळ हळू, त्यामुळे आम्हीच सारखे त्याच्यासाठी थांबत होतो. मी एका पायात बूट आणि दुसऱ्याला अनसूयेच्या लुगड्याची चिंधी अशी चालत होते. अनसूयेने भाकरीचे गाठोडे सोडले आणि आम्ही पाण्याबरोबर चालत चालत जेवलो. शामरावजी दहा पावले मागे होते. त्यांच्या वाटची भाकर मी नेऊन दिली.

अडीचला पाणी शेतात पोचले. अनसूयेने फावड्याने बांध फोडला आणि पाणी पहिल्या वाफ्यात शिरले, ते नाहीसे झाले. भेगांनी ते गिळून टाकले. पाणी येत होते आणि कुठेच दिसत नव्हते. जमिनीतून नुसता बुडबुड आवाज येत होता. अर्धा तास हेच चालले. अनसूयेचा चेहरा उतरला. शामरावजी धुऱ्यावर उकिडवे बसून होते. "पेऊन राह्यली," ते स्वतःशीच म्हणाले. मग पहिला वाफा हळूहळू चकाकू लागला आणि पाणी दुसऱ्यात गेले. तिसरा भरताना बांधाचा कोपरा फुटला. ती दुसऱ्या टोकाला होती. शामरावजी उठले आणि त्यांनी हाताने माती घालून तो कोपरा थापला. त्यानंतर ते खाली बसलेच नाहीत.

सूर्य तुरीच्या मागे गेला तेव्हा सात वाफे भिजले होते. रहीमभाईंनी येऊन चारीची फळी खाली टाकली, पाळी संपली. अनसूयेने आणखी पाणी मागितले नाही. तीन कोरड्या वाफ्यांकडे एकदा पाहून ती फावडे धुऊ लागली. शामरावजींनी भिजल्या मातीचा एक गोळा उचलला, चेपला, वास घेतला आणि पुन्हा जिथल्या तिथे ठेवला. आता घाई संपली होती. त्यांनी तोंड माझ्याकडे वळवले. अनसूया त्यांच्यापासून दोन हातांवर होती.

"मास्तरीणबाई, तिले विचारा," ते म्हणाले, "पुढची पाळी कधी हाय?"

अनसूयेने डोक्यावर पदर ओढला. "सांगा त्यायले, पंधरा दिवसानं. शनवारीच. थे तीन वाफे पयले घ्याचे हाय."

"मंग सांगा, शुक्रवारी सांजच्याले मी मोरीपावेतो नहर पाहून येतो. कोणाचा काई कचरा आडवा नसला पायजे."

मी दोन्ही निरोप नीट, एकही शब्द न गाळता पोचवले.